गाडीचे नाक

कल्याणच्या एका सद्गृहस्थांचे चार पानी पत्र आमच्यापुढे आहे. अक्षर मोत्यासारखे, मजकूर मात्र काळजीचा. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी कारखान्यातील नोकरी सोडून कर्जावर एक पिकअप गाडी घेतली. मुरबाडकडच्या वीटभट्ट्यांवरून विटा उचलायच्या, क्रशरवरून खडी आणि कच उचलायची आणि डोंबिवली-ठाण्याच्या बांधकामांवर टाकायची, हा धंदा. हप्ते अजून तीन वर्षे फेडायचे आहेत. अलीकडे गाडी चढावर दमते. चालकांच्या भाषेत सांगायचे तर पिकअप ‘पिकअप घेत नाही’. कोणा मित्राने चिरंजीवांना मोबाइलवर एक चित्र दाखवले: लालभडक शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, त्याला जोडलेली चकचकीत ॲल्युमिनियमची नळी आणि खाली मजकूर असा की, हे बसवा आणि अश्वशक्ती वाढवा, डिझेलही वाचवा. चिरंजीव आता दिवाळीच्या खरेदीचे पैसे त्यात घालायला निघाले आहेत. वडील विचारतात, “कंपनीने दिलेले नाक कापून दुसरे बसवण्यात शहाणपण आहे काय? ह्या विषयावरून आमचे बापलेकांचे बोलणे बंद असून सौ. दोन्हीकडचे निरोप पोचवीत असते.”

नाक हा शब्द ह्या गृहस्थांनी मोठा अचूक वापरला आहे. तोच आम्ही उचलतो.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. दिवसभराची हालचाल धरली तर चोवीस तासांत सुमारे अकरा हजार लिटर. आता अडीच लिटरचे डिझेल इंजिन घ्या. आपल्याकडच्या पिकअप गाड्यांची इंजिने ह्याच सुमाराची असतात. मिनिटाला दोन हजार फेरे घेणारे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा आपले पोट हवेने भरते, म्हणजे मिनिटाला अडीच हजार लिटर. टर्बो आणखी हवा कोंबतो ती निराळीच. माणसाची दिवसभराची हवा हे इंजिन साडेचार मिनिटांत संपवते! आठ तासांच्या कामात सुमारे बाराशे घनमीटर हवा त्याच्या नाकातून जाते. दोन खोल्यांच्या दहा बिऱ्हाडांत मिळून मावेल इतकी.

ही हवा महाबळेश्वरची असती तर प्रश्न नव्हता. ती वीटभट्टीची आहे. हिशेबापुरते असे धरून चाला की, दर घनमीटर हवेत दहा मिलिग्रॅम धूळ आहे. मग दिवसाला बारा ग्रॅम धूळ इंजिनाच्या दाराशी येते. चहाचे दोन चमचे भरून. त्यातील मोठे कण फारसे धोक्याचे नाहीत, ते कसल्याही जाळीत अडकतात. घात करतात ते पाच ते वीस मायक्रॉनचे, माणसाच्या केसाच्या जाडीच्या चौथाई-पाचवाईहूनही बारीक कण. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर ह्यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो त्यात ते नेमके शिरतात आणि धातू घासत बसतात. धूळ म्हणजे मोठ्या अंशी वाळूचेच पीठ, आणि वाळू लोखंडाहून कठीण. कानशीच्या कामाला ह्याहून सोयीचा पदार्थ कोणता?

आता फिल्टरच्या जाहिरातींत एक आकडा असतो, त्याकडे गृहिणीच्या नजरेने पाहावे. एक फिल्टर म्हणतो, मी शंभरातील साडेनव्याण्णव भाग धूळ अडवतो. दुसरा म्हणतो, मी अठ्ठ्याण्णव. ऐकणाऱ्याला वाटते, दीड टक्क्याचा तर फरक! पण आपल्याला अडलेल्या धुळीशी कर्तव्य नाही, सुटलेल्या धुळीशी आहे. पहिल्यातून शंभरातील अर्धा भाग सुटतो, दुसऱ्यातून दोन भाग, म्हणजे चौपट. आपल्या वरच्या हिशेबात वर्षाच्या तीनशे कामाच्या दिवसांत पहिल्यातून अठरा ग्रॅम धूळ आत जाईल, दुसऱ्यातून बहात्तर. सुंठ वस्त्रगाळ करणे आणि पिठाच्या चाळणीने चाळणे, ह्यातला हा फरक आहे.

फिल्टर जोखण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ५०११ असे तिचे नाव. ठरावीक प्रतीची धूळ ठरावीक वेगाने फिल्टरवर सोडतात. किती अडली, किती सुटली आणि हवेला अडथळा किती झाला, हे मोजतात. विक्रेत्याला विचारावे की, ह्या पद्धतीचा अहवाल आहे काय, आणि तो बारीक धुळीचा की जाड धुळीचा? जाड धुळीवर पहिला नंबर काढणे ही काही मोठी विद्या नव्हे. उत्तरादाखल विक्रेता इंजिनाचा आवाज ऐकवू लागला, तर नमस्कार करून निघावे.

आवाजाचा मुद्दा मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही, कारण ह्या सबंध व्यापाराचा अर्धा प्राण त्यातच आहे. कंपनीच्या फिल्टरचा डबा, त्यातील कप्पे आणि वाकडी नळी ही केवळ हवा गाळत नाहीत, हवेचा घरघराटही दाबतात. डबा काढून उघडा शंकू लावला की टर्बोची शीळ आणि हवेचा फूत्कार थेट चालकाच्या कानी येतो. कान सांगतो की, गाडी जोरात आहे. कानाचे ऐकून पायही थोडा अधिक दाबला जातो. मग गाडी खरोखरच जोरात जाते आणि श्रेय शंकूला मिळते! मोटारसायकलचे सायलेन्सर फोडून घेणाऱ्या तरुणांचे मानसशास्त्र ह्याहून निराळे नाही.

आता शक्ती वाढते का, हा चिरंजीवांचा खरा प्रश्न. पेट्रोल आणि डिझेल ह्यांची जात येथे निराळी पडते. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन ह्यांचे प्रमाण ठरलेले असते, वजनाने सुमारे पंधरास एक. तेथे जास्त हवा आत गेली तर तिच्या जोडीने जास्त पेट्रोल जळू शकते. डिझेल इंजिन मात्र सुस्थितीत असताना गरजेपेक्षा जास्तच हवा घेऊन चालते. किती जोर करायचा हे तेथे हवेवर नव्हे, तर फवाऱ्यातून किती डिझेल सोडले जाते ह्यावर ठरते, आणि तो हिशेब गाडीतील इलेक्ट्रॉनिक मेंदू करतो. ताटात वाढलेले तेवढेच, तर पंक्तीत पाणी जास्त वाढून जेवण वाढत नाही. धड असलेल्या फिल्टरच्या जागी मोकळा फिल्टर लावून डिझेल गाडीच्या शक्तीत चालकाला जाणवेल अशी भर पडणे कठीण.

थंड हवेचा मुद्दा शास्त्रशुद्ध आहे, त्याला आमचा विरोध नाही. हवा दहा अंशांनी थंड असेल तर सुमारे तीन टक्के दाट असते. परंतु कंपनीची नळी बहुधा समोरच्या जाळीमागून किंवा दिव्याच्या बाजूने बाहेरचीच हवा घेते. उलट उघडा शंकू बॉनेटखाली रेडिएटर आणि टर्बो ह्यांच्या शेजारी बसतो आणि तेथली तापलेली हवा ओढतो. नाव थंड हवेचे, नाक चुलीपाशी. शिवाय टर्बो हवा दाबताना ती तापवतोच आणि पुढे इंटरकूलर तिला पुन्हा निववतो. म्हणून आधीच्या पाच-सात अंशांचे महत्त्व डिझेल पिकअपमध्ये आणखी कमी होते.

राहता राहिली इंधनाची बचत. अमेरिकेतील ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ साली ह्या गोष्टीची परीक्षा घेतली. पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले. नव्या, इंजेक्शनच्या गाड्यांत मायलेज जवळजवळ जसेच्या तसे राहिले. पूर्ण जोराने वेग घेण्याच्या वेळेत मात्र स्वच्छ आणि तुंबलेल्या फिल्टरमध्ये सहा ते अकरा टक्के फरक पडला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इंधनाचाही थोडा फरक दिसला. ‘एअर फिल्टर साफ, तर पेट्रोल माफ’ ही आपली समजूत त्या जुन्या गाड्यांच्या काळची आहे. बारकाईने पाहिले तर ही तुलना तुंबलेला आणि स्वच्छ ह्यांची आहे. स्वच्छ कागदी फिल्टरपेक्षा स्वच्छ महागडा फिल्टर डिझेल वाचवतो, असे त्यातून निघत नाही.

मग हा धंदा उभा कसा राहिला? तो मूळचा अमेरिकेचा, आणि तेथे त्याला अर्थही होता. कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइड गावी १९६९ साली के अँड एन ही कंपनी निघाली. तिचे मूळ मोटारसायकलच्या व्यवसायात होते. वाळवंटातील शर्यती खेळणाऱ्यांना धुऊन पुन्हा वापरता येईल असा, तेल लावलेल्या सुती कापडाचा फिल्टर हवा होता, तो तिने दिला. शर्यतवाला प्रत्येक शर्यतीनंतर फिल्टर धुतो, वाळवतो, बेताने तेल लावतो, आणि हंगाम संपला की इंजिन खोलतो. तेथे पिकअप ही घरची गाडी, हौसेची वस्तू. फोर्डच्या एफ मालिकेचे पिकअप तर १९७७ पासून त्या देशातील सर्वाधिक खपाचे ट्रक आहेत. हौसेला मोल नाही. तरीही त्याच कॅलिफोर्नियात असा कायदा आहे की, धुरावर परिणाम करणारा बाहेरचा भाग सरकारी मंजुरीचा क्रमांक असल्याखेरीज रस्त्यावरच्या गाडीला लावता येत नाही. तेथील जाणता गिऱ्हाईक डबा घेताना प्रथम तो क्रमांक शोधतो. आपल्याकडच्या जाहिरातीत चित्र तेच येते, क्रमांकाची ही गोष्ट तेवढी येत नाही.

तेल लावलेल्या कापडाबद्दल एक धोक्याची सूचना दिलीच पाहिजे. आजच्या गाड्यांत फिल्टरच्या पुढच्या नळीत हवा मोजणारा एक नाजूक सेन्सर असतो. पुष्कळ गाड्यांत तापलेली बारीक तार किंवा पातळ पापुद्रा हवेने किती निवतो, ह्यावरून तो हवेचे माप घेतो. तेल जरा जास्त झाले की त्याचे तुषार त्यावर बसतात, माप चुकते आणि मेंदूचा सगळा हिशेब बिघडतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत तर ह्याच मापावर धुराचे नियंत्रण अवलंबून असते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि मग सेन्सरचा खर्च फिल्टरच्या खर्चाला जाऊन मिळतो.

धूळ की वेग, हा पेच नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या सुमारास ब्रिटिशांची स्पिटफायर विमाने उत्तर आफ्रिकेत गेली, तेव्हा वाळवंटाच्या धुळीपासून इंजिन वाचवण्यासाठी त्यांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा एक अवजड फिल्टर बसवला होता. त्याने विमानाचा वेग आणि वर चढण्याचा जोर दोन्ही घटले. वैमानिकाच्या दृष्टीने वेग म्हणजे आयुष्य. म्हणून इजिप्तमधील अबुकीर येथल्या हवाई दलाच्या दुरुस्ती कारखान्याने काय केले? फिल्टर काढून टाकला नाही. त्याहून आटोपशीर, कमी अडथळ्याचा नवा फिल्टर घडवला. जेथे मिनिटामिनिटाला जिवाशी गाठ होती, तेथेही उघड्या नाकाने उडण्याची सोय कोणी काढली नाही. मुरबाडच्या रस्त्यावर विटा वाहणाऱ्याला एवढी घाई नसावी.

पावसाचेही पाहिले पाहिजे. काही बाहेरच्या नळ्या ‘थंड हवे’साठी फिल्टर खाली, बंपरच्या मागे नेऊन ठेवतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत पाण्यात बुडालेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या त्यांना जास्त सांगायला नको. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले आणि पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात ही भरपाई सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते. पाण्यातून जाणाऱ्या गाडीला नाक उंच हवे. ह्या कामी काचेच्या कडेने वर चढणारी, ‘स्नॉर्केल’ म्हणतात ती नळी उपयोगाची आहे, पण तिचे सगळे सांधे हवाबंद असतील तरच. बहुतेक जण बाहेरची नळी थाटात लावतात आणि आतल्या डब्याचा सांधा तसाच सैल सोडतात. उंट दाखवायला उभा, पाणी मात्र खालूनच पितो.

इतके झाल्यावर वडिलांना वाटेल, आपली बाजू जिंकली. तसे नाही. मुलाची तक्रार खरी आहे. गाडी चढावर दमते हे चालकाइतके दुसऱ्या कोणाला कळणार? नाक दाबले की तोंड उघडते ही म्हण डिझेल इंजिनाला अक्षरशः लागू पडते: हवा कमी पडली की जोर जातो आणि मागून काळा धूर येतो. (बीएस-६ गाडीत तो धूर दिसत नाही. नळकांड्यातील गाळणीत काजळी साचत जाते, म्हणून तेथे आणखी जपावे लागते.) आमचा संशय असा की, ह्या गाडीचे नाक चोंदलेले तरी आहे, नाहीतर फाटलेले.

वीटभट्टीच्या धंद्यात फिल्टर रोज काढून काँप्रेसरने ‘हवा मारण्याची’ पद्धत आहे. मनुष्य पंक्चरवाल्याकडे जातो, तो बाहेरच्या बाजूने, पूर्ण दाबाने हवा मारतो, धूळ उडते, समाधान होते. पण बाहेरून मारलेली हवा धुळीला कागदात आणखी खोल बसवते आणि जास्त दाबाने कागदाच्या घड्या चिरतात. डोळ्यांना न दिसणारी चीरही पुरे. मारायचीच तर आतून बाहेर, लांबून, मंद दाबाने. फिल्टर जमिनीवर आपटू नये, त्याने कडेची रबरी किनार वाकते आणि धूळ कागदातून न जाता कडेने शिरते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना पटत नाही: किंचित मळलेला कागद अगदी कोऱ्या कागदापेक्षा बारीक गाळतो, कारण बसलेल्या धुळीचाच एक थर गाळणीचे काम करतो. म्हणून डबा उगाच रोज उघडणे म्हणजे रोज त्यात धूळ झाडून घेणे होय.

बापलेकांनी येत्या रविवारी एक काम एकत्र करावे. फिल्टरचा डबा आणि टर्बो ह्यांमधली नळी मुलाने सोडवावी, वडिलांनी धुतलेला पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून तिच्या आत फिरवावा. थोडा काळा तेलकटपणा आला तर घाबरू नये. इंजिनाच्या पोटातील वाफा तेथे सोडलेल्या असतात. पण तांबूस, करकरीत माती लागली, तर फिल्टर फुटका आहे, किनार बसत नाही किंवा क्लिप ढिली आहे. नळीला भेगा आहेत काय तेही वाकवून पाहावे. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा होज पाइपही तपासावा. तेथे चीर पडली की दाबलेली हवा फुर्रकन निसटते आणि गाडी नेमकी चढावर बसते. ह्या दोन-तीन गोष्टींत बिघाड सापडला तर खर्च काही शे रुपयांचा. फारच शंका असेल तर इंजिन ऑइल बदलताना त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. तेलात सिलिकॉनचे प्रमाण वाढलेले दिसले तर धूळ आत जाते आहे असे समजावे.

नवा कागदी फिल्टर कंपनीच्या अधिकृत दुकानातून घ्यावा. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा दिल्लीच्या काश्मीरी गेटला काय, खोके हुबेहूब आणि आतला कागद भलताच, असा माल मिळू शकतो. दोन फिल्टर हातात घेऊन घड्या मोजल्या तरी पुष्कळ कळते. ज्याच्या घड्या जास्त आणि खोल, त्याचा कागद जास्त, आणि कागद जास्त तर हवा मोकळी जाऊनही धूळ अडते. दिसायला भव्य असलेल्या पुष्कळ शंकूंत कागद वा कापड ह्या साध्या चौकोनी फिल्टरपेक्षा कमीच भरते.

तरीही चिरंजीवांना दिवाळीनिमित्त गाडीला बाहेरचे काही लावायचेच असेल, तर आम्ही त्यांना दोन वस्तू सुचवतो. दोन्ही दिसायला अगदी ओबडधोबड आहेत. एक, ट्रॅक्टरच्या डोक्यावर असते तशी, हवेला गरगर फिरवून जाड धूळ आधीच बाजूला टाकणारी वाटी. इंग्रजीत तिला प्री-क्लीनर म्हणतात. क्रशरच्या धुळीत मुख्य फिल्टरचे आयुष्य ती पुष्कळ वाढवते. मात्र आपल्या इंजिनाला लागणाऱ्या हवेच्या मापाची घ्यावी, लहान घेतली तर तीच नाक दाबील. दुसरी, फिल्टर तुंबला की लाल पट्टी दाखवणारा छोटा दर्शक, ट्रॅक्टर आणि मोठ्या ट्रकांवर असतो तो. पट्टी लाल झाली की फिल्टर बदलायचा, तोवर डबा उघडायचा नाही.

हेही लावण्यापूर्वी वॉरंटीचे पुस्तक वाचावे आणि अधिकृत सर्व्हिस केंद्राकडून लेखी होकार घ्यावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मूळ नमुन्याशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक निर्णय दिलेला आहे. मालवाहू गाडीला फिटनेससाठी आरटीओच्या दारी जावेच लागते. म्हणून काही बदल केलाच, तर काढलेला मूळ डबा, त्याच्या क्लिपा आणि नळी भंगारात न देता जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवावी. गाडी विकताना गिऱ्हाईक पहिल्याने बॉनेट उघडून तोच डबा शोधतो.